विमान, होडी आणि राखण

(आपल्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, 'तू विमान चालवतेस, त्यावर बोल.' त्याआधी ग्रुपवर एक बातमी फिरत होती की आपल्या वर्गातल्या एकीने अमेरिकेत विमान विकत घेतलं. ती आधी दुरुस्त करते. माझ्याकडे विमान नाही, एका विमानाचा चौथा हिस्सा आहे. आम्ही चौघांनी मिळून ते २०१४ साली घेतलं. ते १९७५ सालचं आहे, म्हणजे इथे बसलेल्या आपल्या बॅचमधल्या प्रत्येकापेक्षा वयाने मोठं. माझ्या हिश्शाला नऊ हजार डॉलर पडले. तेव्हाच्या हिशेबाने साडेपाच लाखांच्या आत. तुमच्यापैकी निम्म्या जणांच्या गाड्या, बाहेर आंब्याखाली लावलेल्या, त्याहून महाग आहेत.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिते. इंजिनियरिंगची पदवी घेतली तरी खरं इंजिन उघडून बघायची वेळ नोकरीत कधी आली नाही. ती या विमानाने आणली. म्हणून आज उडण्यापेक्षा जास्त बोलणार आहे ते खर्चाबद्दल. मालवणात खर्चाबद्दल बोललं तर लोक कान देऊन ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

आमचं विमान सेस्ना १७२ जातीचं. चार माणसांचं, एका इंजिनाचं, पंख वरच्या बाजूला. या जातीचं पहिलं विमान १९५५ साली उडालं आणि आजवर ४४ हजारांहून अधिक बनली. जगात दुसऱ्या कुठल्याही विमानाची एवढी संख्या झालेली नाही. आमच्या विमानाला १५० अश्वशक्तीचं चार सिलिंडरचं इंजिन आहे. तासाला साधारण ३० लिटर पेट्रोल पितं आणि तासाला दोनशे किलोमीटरच्या आसपास जातं. कोकण रेल्वेच्या एखाद्या चांगल्या गाडीपेक्षा जलद, एवढंच समजा.

तुम्ही म्हणाल, पन्नास वर्षांचं विमान उडवतात कसे? त्यामागे एक गोष्ट आहे. अपघातांनंतरचे नुकसानभरपाईचे दावे आणि विम्याचा खर्च इतका वाढला की १९८६ साली सेस्ना कंपनीने ही लहान विमानं बनवणं थांबवलं. १९९४ साली अमेरिकेत कायदा झाला. अठरा वर्षांपेक्षा जुन्या लहान विमानाबद्दल उत्पादकावर दावा लावायला त्याने मर्यादा घातली. मग १९९६ पासून उत्पादन पुन्हा सुरू झालं. मधली दहा वर्षं नवीन विमानच नाही, आणि नंतर आली ती सामान्य माणसाच्या खिशाबाहेरची. त्यामुळे हौशी वैमानिक जुनीच विमानं राखत राहिले.

आपल्याकडेही जुनं विमान राखण्याची एक मोठी गोष्ट आहे, फक्त आपण ती वेगळ्या नावाने ऐकतो. जेआरडी टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन मुंबईच्या जुहूला विमान आणलं, हे आपण शाळेत वाचलं आहे. त्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, ऑक्टोबर १९८२ मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी त्यांनी तोच प्रवास पुन्हा एकट्याने केला. विमान होतं लेपर्ड मॉथ, १९३०च्या दशकातलं, कापड आणि लाकडाचं. सगळ्यांनी जेआरडींचं कौतुक केलं आणि ते योग्यच होतं. पण ते विमान इतक्या वर्षांनी त्या दिवशी उडण्याच्या स्थितीत होतं, याचा अर्थ कुणीतरी इतकी वर्षं त्याचं कापड, त्याच्या तारा, त्याचं इंजिन बघत आलं होतं. त्या माणसांची नावं आपल्याला माहीत नाहीत. मला हल्ली ती गोष्ट वाचताना आधी त्यांची आठवण येते.

दुसरी गोष्ट कांदिवलीची. कॅप्टन अमोल यादव यांनी चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६च्या फेब्रुवारीत 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि प्रायोगिक उड्डाणाचा परवाना मिळायला २०१९ उजाडलं. बांधण्याला जिद्द लागते, पण बांधून झाल्यावर ते उभं ठेवायला, कागद पूर्ण करायला आणि वाट बघायलाही तेवढीच लागते.

आता माझ्या हिशेबाच्या वहीकडे येते.

विमानाचे खर्च दोन प्रकारचे. पहिला कळलेला. उभं करायच्या जागेचं भाडं, विमा, पेट्रोल, दर पन्नास तासांनी ऑइल आणि फिल्टर. हे आधी माहीत असतं, चार जणांत वाटून घेता येतं, त्याचं काही वाटत नाही.

दुसरा न कळलेला, आणि तो येतो वर्षातून एकदा. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येक विमानाची दर बारा महिन्यांनी पूर्ण तपासणी व्हावी लागते. तिला नुसतंच 'ॲन्युअल' म्हणतात. सगळी झाकणं उघडतात, सीट काढतात, चाकं काढतात, प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती टिकते ते बघतात. अधिकार असलेल्या मेकॅनिकने वहीत सही केली तर विमान उडतं, नाही केली तर नाही. तपासणीची फी ठरलेली असते. तपासणीत काय निघेल ते ठरलेलं नसतं. आपल्याकडे वर्षातून एकदा राखण देतात ना, तसंच आहे हे. राखणदाराला नारळ-कोंबडा आधी सांगता येतो, इथे मात्र तो काय मागेल ते झाकण उघडल्यावर कळतं.

एका वर्षी मागणी आली सीटच्या पट्टीची. वैमानिकाची सीट ज्या पट्टीवर मागे-पुढे सरकते, त्या पट्टीला भोकं असतात आणि त्यात एक खिळ बसते. वर्षानुवर्षं वापरून भोकं लांबट होतात. दिसायला क्षुल्लक. पण विमान आकाशात चढत असताना नाक वर असतं. त्या वेळी खिळ सुटली तर वैमानिक सीटसकट मागे घसरतो, हातात धरलेला कंट्रोल आपसूक मागे ओढला जातो, नाक आणखी वर जातं आणि विमान पडतं. असे अपघात झाले, माणसं गेली, म्हणून तिथल्या विमान खात्याने १९८७ साली आदेश काढला की सेस्नाच्या या पट्ट्या ठरावीक मुदतीने मोजून बघायच्याच. २०११ साली तो आदेश सुधारून पुन्हा काढला. आमच्या दोन पट्ट्या मापात बसल्या नाहीत, त्या बदलल्या. सीटची पट्टी! घरातल्या लोखंडी कपाटाच्या पट्टीला आपण खोबरेल तेलाचं बोट लावून गप्प बसतो.

दुसऱ्या वर्षी मॅग्नेटो. विमानाच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात आणि ठिणगी देणारी दोन स्वतंत्र यंत्रं, त्यांना मॅग्नेटो म्हणतात. एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर घरी येता यावं म्हणून. पाचशे तास झाले की ती उघडून बघायची. आम्ही एक उघडायला पाठवलं, ते गेलेलं निघालं. मग दुसऱ्यावर तरी भरवसा का ठेवा? दोन्ही केली.

त्यानंतर नियमाने खर्च काढला. १ जानेवारी २०२०पासून तिथल्या गर्दीच्या आकाशात उडायचं तर विमानाने आपली जागा आणि उंची रेडिओवरून सतत सांगत राहणारं उपकरण लावणं सक्तीचं झालं. आम्हाला अडीच हजार डॉलर पडले. २०२२च्या सुरुवातीपासून आमच्या सॅन होजेच्या रीड-हिलव्ह्यू विमानतळावर शिसं असलेलं पेट्रोल विकणं बंद झालं. आसपासच्या वस्तीतल्या मुलांच्या रक्तातल्या शिशाचा प्रश्न होता, त्यामुळे निर्णयाबद्दल माझी तक्रार नाही. बिनशिशाचं पेट्रोल आमच्या इंजिनाला चालतं. तरी ते चालतं असं सांगणारा कागद विमानाच्या नोंदीत लागला.

हा कागद फार महत्त्वाचा. विमानाचा बोल्ट आणि हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट मापाने सारखा असला तरी विमानाच्या बोल्टसोबत तो कुठून आला, कशाचा बनला आहे याचा माग असतो. किंमत बोल्टची थोडी आणि त्या मागाची जास्त. सुरुवातीला मला हे लुटणं वाटायचं. पुढे लक्षात आलं की माझ्या नोकरीतही आम्ही कोडच्या प्रत्येक ओळीमागे कुणी लिहिली, कुणी तपासली याची नोंद ठेवतो. फरक एवढाच की माझं सॉफ्टवेअर बिघडलं तर मी ते बंद करून पुन्हा सुरू करते. हवेत हजार मीटरवर ती सोय नाही.

आता मोठा खर्च.

२०२० साली कोविडमध्ये सगळं थांबलं तसं आमचं विमानही कित्येक महिने जवळजवळ उभंच राहिलं. कुणाचा इलाज नव्हता. पुढे २०२२च्या तपासणीत मेकॅनिकने ऑइल फिल्टर कापला, आतला घडीचा कागद उलगडून उन्हात धरला. त्यात चमचमणारे कण होते. लोखंडाचे. इंजिनाच्या आत काहीतरी झिजत होतं.

या इंजिनाची रचना अशी की त्याचा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, इंजिनाच्या वरच्या भागात असतो. इंजिन चालू असलं की त्याच्यावर ऑइल उडत राहतं. उभं राहिलं की ऑइल हळूहळू निथळून खाली जातं, दांडा कोरडा पडतो आणि दमट हवेत त्याच्यावर गंज धरतो. पुन्हा सुरू केलं की गंजलेला भाग घासला जाऊन त्याचे कण ऑइलमध्ये येतात. म्हणजे विमान जितकं उडवाल तितकं टिकतं. न उडवता जपून ठेवलंत तर मरतं.

हे ऐकलं आणि मला माझ्या मामाची होडी आठवली. लाकडाची होती. पावसाळ्यात बंदर बंद झालं की ती वर ओढून झापांनी शाकारून ठेवायची, आणि नारळी पौर्णिमेच्या आधी पुन्हा सगळं. फटींत कापूस आणि राळ, वरून काजूच्या टरफलांचं तेल. तेव्हा सुट्टीत आम्हा मुलांच्या अंगाला त्या तेलाचा वास आठ दिवस यायचा आणि हात भाजायचे ते वेगळंच. मामा म्हणायचा, 'होडी पाण्यातच बरी. सुक्यार पडली काय फाटता.' अमेरिकेतल्या त्या मेकॅनिकने मला अर्धा तास जे समजावलं, ते मामाने दोन वाक्यांत सांगून ठेवलं होतं.

इंजिन उतरवून पूर्ण नव्याने बांधायचं, सगळं मिळून अंदाज आला ३६ हजार डॉलरचा. चौघांनी मिळून विमान घेतलं होतं तेही ३६ हजारांना. म्हणजे विमान पुन्हा एकदा विकत घ्यायचं.

आमच्यात बैठक झाली. आम्ही चौघं कोण ते सांगते. एक शाळेतल्या शिक्षिका, एक हॉस्पिटलमधला नर्स, मी, आणि चौथे सत्तरीतले आजोबा, विमान कंपनीतून निवृत्त झालेले मेकॅनिक. आजोबांनी सरळ सांगितलं, 'विकून टाकू. आहे त्या स्थितीत जे येईल ते घेऊ. माझ्या डोळ्यांचं काही खरं नाही, पुढच्या वैद्यकीय तपासणीत मला परवाना मिळेल की नाही माहीत नाही. इतके पैसे मी या वयात कशासाठी घालू?' त्यांचं बोलणं चूक नव्हतं. निवृत्त माणसाला नऊ हजार डॉलर म्हणजे चेष्टा नाही. पण आम्हा तिघांना विमान सोडायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आजोबांना सोडून ते ठेवायचंही नव्हतं. वाऱ्यात विमान कसं उतरवायचं याच्या निम्म्या युक्त्या मला त्यांनीच शिकवल्या होत्या.

दोन गोष्टींनी मार्ग निघाला. पहिली, आमचा इंजिन फंड. विमान घेतलं त्या दिवसापासून नियम होता की जो उडवेल त्याने पेट्रोलशिवाय दर तासाला १५ डॉलर वेगळे टाकायचे. इंजिन उत्तम चालू असताना टाकायचे. आठ वर्षांत त्यात १४ हजारांच्या आसपास जमले होते. तेव्हा ते १५ डॉलर देताना प्रत्येकाच्या कपाळाला आठी पडायची, माझ्याही.

दुसरी गोष्ट मी सुचवली आणि ती शुद्ध मालवणची आहे. मी त्यांना रापण सांगितली. एकाची होडी असते, काहींचं जाळं, आणि काहींचे नुसते ओढणारे हात. होडीला वाटा, जाळ्याला वाटा, माणसाला वाटा. मासे वाटताना कुणी म्हणत नाही की तू जाळं आणलं नाहीस तर तुझं इथे काय काम. अंदाजातले सहा हजार डॉलर इंजिन उतरवायची आणि परत बसवायची मजुरी होती, आणि आजोबांकडे त्या कामाचा परवाना होता. ते म्हणाले, 'हे मी करतो.' राहिले तीस हजार. फंडातले चौदा वजा करून सोळा. ते आम्ही तिघांनी वाटून घेतले, प्रत्येकी सव्वापाच हजारांच्या थोडं वर. आजोबांची मजुरी आणि आमचे पैसे बेरजेला जवळजवळ सारखे आले. त्यांचा हिस्सा तसाच राहिला.

इंजिन कारखान्यात गेलं ते सहा महिने. सुटे भाग वेळेवर मिळत नव्हते. त्या सहा महिन्यांत विमानाला नाकच नव्हतं. पण मी दर शनिवारी आजोबांच्या हाताखाली जात राहिले. तारा बांधायच्या, होसपाइप बदलायचे, स्क्रू एका ट्रेमध्ये ओळीने लावायचे. परवाना असलेल्या मेकॅनिकच्या देखरेखीखाली मालकाला बरंच काम करता येतं, आणि ऑइल बदलणं, प्लग साफ करणं, बॅटरी बदलणं असली कामं वैमानिक-मालक स्वतःच्या सहीने करू शकतो. पंचविशीत मिळालेल्या पदवीला चाळिशीत ग्रीस लागलं. मला वाटतं त्या सहा महिन्यांत मला या विमानाने जेवढं दिलं तेवढं उडून दिलं नसेल.

मागच्या खेपेला गावी आले तेव्हा मामाने विचारलं, 'काय गो, ह्या तुझ्या विमानान दोन पैसे तरी सुटतत काय?' मामाला सांगावं लागलं की नाही. माझ्याकडे खासगी वैमानिकाचा परवाना आहे. त्यावर प्रवाशांकडून कमाई करायला मनाई आहे. फार तर सोबत बसलेल्यांनी पेट्रोलचा आपापला वाटा द्यायचा. मामाने मान हलवली. मग म्हणाला, 'होडयेनय कधी सुटले नाय माका.' आणि हसला.

पैसे सुटत नाहीत, मग मिळतं काय, तेही सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल ही नुसतं रडगाणं गायला एवढ्या लांबून आली.

सॅन होजेहून मध्ये एक डोंगररांग आहे, ती ओलांडली की पॅसिफिक समुद्र. तिथून हाफ मून बे नावाचं किनाऱ्यावरचं छोटं विमानतळ वीस-पंचवीस मिनिटांवर. उन्हाळ्यात धुकं किनाऱ्याला चिकटून बसतं, तेव्हा परत फिरावं लागतं. पण ज्या सकाळी ते नसतं त्या सकाळी पाणी, खडक आणि फेसाची पांढरी रेघ वरून दिसते आणि मला दर वेळी देवबागची पट्टी आठवते, एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र. विमानतळावरून चालत गेलं की पिलर पॉइंट बंदर. तिथे हंगामात होडीवरूनच खेकडे विकतात. मी ते घेऊन विमानाने घरी येते आणि इथून नेलेल्या मसाल्यात रस्सा करते. खेकड्याच्या किलोमागे किती पेट्रोल जळलं ते मी आईला सांगितलेलं नाही. आज ती इथे बसली आहे, तर आता कळलं.

दुसरी मिळकत म्हणजे वह्या. विमानाच्या वेगळ्या, इंजिनाच्या वेगळ्या, पंख्याच्या वेगळ्या. पहिली नोंद १९७५ची, शाईच्या पेनाने लिहिलेली. तेव्हापासून हे विमान कुणी उघडलं, काय बदललं, कुणी सही केली, सगळं आहे. त्यातली बरीच माणसं आता हयात नसतील. त्यांचं अक्षर मी ओळखते. शेवटच्या काही पानांवर ऑइल बदलल्याच्या नोंदींखाली माझी सही आहे. मी नोकरीत लिहिलेलं सॉफ्टवेअर पाच वर्षांत कुणीतरी पुसून नवीन लिहितं. या वहीतली माझी सही हे विमान उडेल तोवर राहील.

इंजिन नवीन बसल्यावर त्या वर्षी आई माझ्याकडे आली होती. मी तिला घेऊन गेले. विमान बघून ती म्हणाली, 'आपल्या रिक्षापेक्षा थोडा मोठा.' मी पंखाखालून पेट्रोलचा नमुना काढून त्यात पाणी नाही ना ते बघितलं, ऑइल बघितलं, टायर बघितले. ती सगळं बघत होती. मला वाटलं, विचारेल पडणार नाही ना. तिने विचारलं, 'ह्या कोणी तपासल्यान?' मी आजोबांकडे बोट दाखवलं, ते कुंपणापाशी उभे होते. तिने त्यांना लांबूनच नमस्कार केला आणि आत चढून बसली. हा प्रश्न मी हल्ली प्रत्येक गोष्टीबाबत विचारते. नवीन आहे की जुनं, महाग आहे की स्वस्त, हे नंतर. कोण बघतंय त्याच्याकडे?

आणि म्हणून आता शाळेबद्दल दोन शब्द. संयोजकांनी मला विमानावर बोलायला सांगितलं होतं, पण माइक हातात आहे तोवर बोलून घेते.

आज सकाळी आपण सगळे वर्गांतून फिरलो. गेल्या काही वर्षांत माजी विद्यार्थ्यांनी शाळेला खूप दिलं आहे. कपाटांवर, पंख्यांवर, पाण्याच्या मशीनवर आपापल्या बॅचच्या नावाच्या पाट्या आहेत. अभिमान वाटला. पण पाण्याच्या मशीनचा फिल्टर बदलायला पैसे नाहीत म्हणून ते बंद आहे. संगणकाच्या खोलीत निम्मे संगणक चालू आहेत, बाकीच्यांना फार मोठं काही झालेलं नाही. खाऱ्या हवेने जोड गंजलेत, बॅटऱ्या मेल्यात. दर पावसाळ्याआधी कौलं परतायची तर सर दारोदार फिरतात. देणगी द्यायला आपण सगळे तयार असतो, कारण तिला पाटी लागते. फिल्टरला पाटी लागत नाही.

आपल्या बॅचनेही या मेळाव्यात शाळेला काहीतरी द्यायचं ठरवलं आहे आणि दोन दिवस ग्रुपवर नवीन स्मार्ट बोर्डची चर्चा चालू आहे. माझी सूचना अशी आहे की आपण या वर्षी नवीन काहीच देऊ नये. त्याच पैशांतून शाळेचा इंजिन फंड सुरू करावा. प्रत्येकाने दर वर्षी जमेल तेवढे, ठरलेल्या महिन्यात, कुणी न मागता. ज्यांना पैसे जमत नाहीत त्यांच्या हातांना कामं आहेत. आपल्या वर्गात तीन इलेक्ट्रिशियन आहेत, एक प्लंबर आहे, दोघं घरं बांधतात, आणि संगणकांचं मी पाहते. दर वर्षी येते तेव्हा दोन दिवस शाळेचे. रापणीसारखं. त्याचा वाटाही तेवढाच मोजायचा. आणि एक वही ठेवायची, साधी, दोनशे पानी. काय बिघडलं, कुणी बघितलं, काय बदललं, खाली सही. ती वही ऑफिसात सरांच्या टेबलावर राहील.

फंडातले पैसे कशाला लागतील ते आज मला सांगता येणार नाही. झाकण उघडल्यावर कळेल. पण लागतील, एवढं नक्की.

मी एक वही आणली आहे. पहिल्या पानावर आजची तारीख घातली आहे आणि पहिली नोंद पाण्याच्या मशीनच्या फिल्टरची आहे. जेवणानंतर ती वाढपाच्या टेबलाशेजारी ठेवते. ज्यांना पटलं असेल त्यांनी नाव आणि काम किंवा रक्कम लिहावी. सोलकढी सांडू नका तिच्यावर, पन्नास वर्षं टिकवायची आहे.

 दहावीत मी एवढं बोलले असते तर वर्गाबाहेर उभी असते.